कुशीचा हिशेब

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'दीर्घकालीन शुश्रूषा आणि समाज'. समाजाकडे येतोच, आधी जरा माकडहाडाकडे जाऊ.

हसू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर येतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली की तिथलं रक्त अडतं, आणि काही तासांत ती मरायला लागते. आधी लाली येते. तिच्यावर बोट दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर वेळ हातात आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोअर, म्हणजे दाबानं होणारी जखम, सुरू झाला. आपल्या सावळ्या कातडीवर लाली बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, घट्ट लागतंय का. आणि कृपा करून ती जागा चोळू नका! आपल्या घरांत चोळायची भारी हौस. स्पिरिट लावायचं, वर पावडर थापायची. स्पिरिटनं कातडी कोरडी पडून तडकते, पावडरीचे घामात गोळे होतात. फुगवायची रिंगही नको. मधली जागा अधांतरी राहते खरी, पण कडेच्या दाबानं तिचं रक्त आणखी अडतं.

उपाय जुनाच आहे, दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण आडव्या कुशीवर नको, सगळा भार खुब्यावर जातो. पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरकं ठेवायचं, दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये, तिसरी पोटऱ्यांखाली म्हणजे टाचा अधांतरी. हवेची गादी आणली म्हणून कूस चुकत नाही. तिच्यावर एकच पातळ चादर हवी. आपण गोधडी घालतो, तिच्यावर रबराची शीट, तिच्यावर पुन्हा चादर, आणि खाली मोटर बिचारी घूं घूं करत बसते.

आता खरी गंमत. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, अन्न देताना डोकं निदान ३० अंश वर हवं, दिल्यावरही अर्धा-पाऊण तास, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जातं. पण पाठ वर केली की माणूस खाली घसरतो. कातडी चादरीला धरून वरच राहते, हाड आत सरकतं, आणि या ओढीनं आतल्या आत इजा होते. म्हणून आधी गुडघ्यांखाली उशी, मग पाठ वर. घसरलाच तर काखेत हात घालून ओढायचं नाही; कमरेखाली आडवी चादर, दोन बाजूंना दोघं, उचलून वर घ्यायचं.

या 'दोघं'पाशी हिशेब सुरू होतो. दिवसाला १२ कुशी, महिन्याला ३६०. त्यातल्या रोज चार रात्री ११, १, ३ आणि ५ वाजता. नर्सिंग ब्यूरोतून '२४ तासांची मावशी' येते तेव्हा बाराही तिच्या एकटीच्या अंगावर. घरात दुसरं माणूस असतं, पण तीन वाजता त्याला उठवणार कोण? ती कूस चुकते, आठवड्यानं लाली दिसते, आणि मावशी निष्काळजी ठरते. 'मावशी' म्हणणंही सोयीचंच. नात्यातल्या बाईनं कुठे आठवड्याची सुट्टी मागायची असते! मावशी परवडली नाही तर सून, नाहीतर बिनलग्नाची लेक. तिच्या कुशी तर कुणी मोजतच नाही.

परळच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना सांभाळलं; त्या तिथल्याच परिचारिका, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नोंद आहे की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नाही. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. मला तिच्यात पाळ्या दिसतात. एकीची ड्यूटी संपली की दुसरी यायची, पहिली घरी जाऊन झोपायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, 'पाच मिनिटं'. म्हणजे समाजाला पाच मिनिटं.

तर भराभर. जर्मनीनं १९९५ मध्ये शुश्रूषा-विमा सुरू केला; घरी सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ताही त्यातून भरता येतो. जपाननं २००० मध्ये केला, वर्गणी चाळिशीपासून. तिथे घरच्यांना रोख रक्कम द्यायला विरोध झाला, कारण पैसे हातात ठेवले की सून पुन्हा खाटेलाच बांधली जाईल. म्हणून माणूस पाठवतात. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं, पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू झालं, शेजारच्या स्वयंसेवकांचं जाळं झालं, २००८ मध्ये राज्याचं धोरण आलं. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्यात मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो, महिन्याला १०,००० पर्यंत. रात्री तीनला उठणाऱ्याबद्दल त्यात काही नाही. माझी मागणी एवढीच, शहराच्या प्रत्येक वॉर्डात बदली माणसांची यादी असावी, आठवड्यातून एक रात्र तरी घरच्यांना सुटका मिळावी. पैसे कुठून, हे मी पुढच्या वर्षी सांगणार, बोलावलंत तर.

आडव्या चादरीचं प्रात्यक्षिक राहिलं. चादर आणि तीन उश्या इथेच आहेत, चहानंतर थांबा. कुणीतरी आडवं व्हायला हवं... अध्यक्षमहाराज, आपण?