आधी ताट, मग पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

माझे आजोबा रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा त्यांच्याकडे एक वळकटी होती आणि गावच्या माणसाचा पत्ता. परळच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळाली. खानावळवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी ताट वाढलं. पैसे पगार झाल्यावर. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेले, महिन्यात किती दिवस काम मिळेल याचा नेम नाही. तरी त्यांचं जेवण कधी अडलं नाही.

नवखा माणूस शहराचा होतो तो असा. आधी कुणीतरी विश्वास टाकतं, मग तो त्या विश्वासाला जागतो. आज आपण हा क्रम उलटा केलाय. भाड्याने खोली मागणाऱ्याला आधी जात, धर्म, मुलूख विचारतो आणि वर म्हणतो, ही माणसं आपल्यात मिसळत नाहीत.

आणि आपण सगळे येऊन वसलो, त्याआधीपासून जे इथे आहेत त्यांचं काय? आरेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वारली, मल्हार कोळी या आदिवासींचे पाडे आहेत. वाघोबाला पुजणारी ही माणसं. पण आपल्याच जागेत त्यांना अतिक्रमण केल्याचं ऐकावं लागतं. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,००० हून जास्त झाडं गेली होती. मेट्रो हवी की नको, हा वाद वेगळा. पण रात्री करवत चालवणाऱ्यांवर सकाळी विश्वास ठेवा, हे पाड्यावरच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

विश्वास ज्याने मोडला, पहिलं पाऊल त्यानेच टाकायला हवं. २००६च्या वनहक्क कायद्याने निदान ते कागदावर टाकलंय. प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याया'ची कबुली आहे. जंगलजमिनीच्या दाव्यासाठी सरकारी कागदांइतकाच घर, विहीर, दफनभूमी, देवस्थान हा पुरावा चालतो. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं, तर तोही पुरावाच. मला या कायद्याच्या नियमांतली ही तरतूद सगळ्यात मोलाची वाटते. खानावळवाल्या बाईंचाच हिशेब तो.

म्हणून पाड्यावर मोजणीला जाणाऱ्या साहेबांना माझी विनंती आहे. साखळी टाकण्याआधी वाघोबापाशी थांबा, तिथल्या म्हाताऱ्याला विचारा, "बाबा, तुमची हद्द कुठवर?" आणि तो सांगेल ते लिहून घ्या.