रोजच्या स्क्रिप्ट आणि स्टँडर्ड लायब्ररीचे काम

मित्रहो, मोठमोठ्या प्रणालींच्या रचनेविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आज मी वीस-पंचवीस ओळींच्या स्क्रिप्टविषयी बोलणार आहे. फोल्डरमधल्या शेकडो फाईलींची नावे बदलणे, लॉगमधून ठरावीक ओळी उचलणे, सीएसव्हीतल्या एका रकान्याची बेरीज करणे, सेटिंगच्या फाईलमधली एक ओळ बदलून ती पुन्हा लिहिणे, अशी ही कामे आहेत. ती कोणी अभिमानाने दाखवत नाही, त्यांच्या टेस्ट कोणी लिहीत नाही, आणि एकदा चालवून टाकून द्यायची म्हणून लिहिलेली स्क्रिप्ट पाहता पाहता रोज रात्री आपोआप चालू लागते. अशा वेळी लिहिणाऱ्याच्या पाठीशी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे भाषेसोबतच मिळणारा तयार फंक्शनांचा संग्रह, तेवढी असते. तिच्यात काय घालावे याबद्दल माझे मत असे आहे की, एखादे काम करायला किती ओळी लागतात हा निकष गैरलागू आहे. ते काम हाताने लिहिताना किती जण चुकतात, आणि चुकल्याचे त्यांना कळते का, हे पाहायला हवे.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, काही फाईलींच्या नावांच्या शेवटी ‘-जुना’ असे जोडलेले आहे आणि ते काढून टाकायचे आहे. पायथन या भाषेत स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या तुकड्याच्या, उजव्या टोकाची अक्षरे छाटणारी आरस्ट्रिप नावाची मेथड, म्हणजे तयार फंक्शन, आहे. तिला ‘-जुना’ दिले की ‘अहवाल-जुना’चे ‘अहवाल’ होते. आपण समाधानाने स्क्रिप्ट सगळ्या फोल्डरवर सोडतो, आणि ‘नमुना-जुना’ या फाईलचे नाव नुसते ‘नम’ होऊन बसते. कारण असे की, आरस्ट्रिपला दिलेली स्ट्रिंग ती शब्द म्हणून घेत नाही. तो तिच्या दृष्टीने चिन्हांचा संच असतो. आडवी रेघ, ज, उकार, न आणि काना यांपैकी जे काही उजवीकडून सापडेल ते ती छाटत जाते. त्यामुळे ‘जुना’ संपल्यावरही ती थांबत नाही. ‘नमुना’चा काना, न आणि उकार यांचा फडशा पाडून ती म या अक्षरापाशी येते, आणि म संचात नाही म्हणून तिथे अडते. ‘अहवाल’ वाचला तो केवळ त्याच्या शेवटी ल होता म्हणून. एररचा संदेश नाही, इशारा नाही, आणि मेथडच्या बाजूने पाहिले तर काही चुकलेलेही नाही. माहितीपत्रात नेमके हेच लिहिलेले आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे येते की मग दोन ओळी स्वतः लिहाव्यात: शेवट जुळतो का ते पाहावे, आणि जुळत असेल तर शेपटाच्या लांबीइतकी अक्षरे मागून कापावीत. या दोन ओळींतही एक खाच आहे. शेपूट म्हणून रिकामी स्ट्रिंग आली, आणि ती सेटिंगमधून येत असेल तर कधीतरी येतेच, तर ‘शेवट जुळतो’ हे खरे ठरते, कापायची लांबी शून्य होते, आणि पायथनमध्ये ‘उणे शून्यापर्यंतचा भाग’ म्हणजे सुरुवातीपासून शून्यापर्यंतचा भाग, अर्थात काहीच नाही. नाव जसेच्या तसे राहायला हवे होते, ते पूर्ण पुसले जाते. म्हणजे चूक टाळण्यासाठी सुचवलेल्या मार्गावरही चूक दबा धरून बसलेली आहे. पायथन ३.९ मध्ये, २०२० साली, नेमके हेच काम सुरुवातीला आणि शेवटी करणाऱ्या रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स या दोन मेथड आल्या. ‘एवढ्याशा कामासाठी नवी मेथड कशाला’ हा आक्षेप अशा प्रत्येक प्रस्तावावर येतो. माझ्या मते काम एवढेसे होते म्हणूनच ती मेथड हवी होती, कारण एवढ्याशा कामाची कोणी तपासणी करत नाही.

पीएचपी या भाषेत हाच प्रकार वेगळ्या वेषात होता. एका स्ट्रिंगमध्ये दुसरी आहे का, हे विचारण्यासाठी लोक स्ट्रपॉस वापरत. ते फंक्शन सापडलेली जागा सांगते, आणि न सापडल्यास ‘फॉल्स’ परत करते. शोधलेला मजकूर अगदी सुरुवातीलाच असेल तर जागा शून्य येते, आणि साध्या अटीत शून्य व ‘फॉल्स’ यांत फरक राहत नाही. मजकूर डोळ्यांसमोर असूनही स्क्रिप्ट म्हणते, सापडला नाही. तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करावी हे अनुभवी लोकांना ठाऊक होते; पण ज्याला स्ट्रिंगमध्ये शब्द शोधायचा आहे, त्याने आधी अनुभवी व्हावे अशी अपेक्षा का करायची? स्ट्र कंटेन्स हे फंक्शन पीएचपी ८.० मध्ये, तेही २०२० सालीच, आले, आणि प्रश्नाचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे मिळू लागले.

आता फाईलींकडे वळू. शेलमध्ये फाईलींच्या यादीवर लूप फिरवताना नावातल्या मोकळ्या जागेने घोळ होतो, हे सर्वांना माहीत असते. युनिक्समध्ये नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते, नव्या ओळीचे चिन्हसुद्धा, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात राहते. म्हणून फाईली शोधणाऱ्या फाइंड या आज्ञेने नावे शून्य बाइटने वेगळी करून द्यायची आणि ती दुसऱ्या आज्ञेकडे सोपवणाऱ्या एक्सआर्ग्जने तशीच घ्यायची, ही पद्धत पडली. अनेक प्रणालींवर ती कितीतरी वर्षे चालत होती, तरी युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकात तिला जागा मिळाली ती २०२४ च्या आवृत्तीत. रुळलेली सोय अधिकृत व्हायला एवढा काळ लागावा याचे मला नवल वाटते, पण मानके अशाच गतीने चालतात.

फाईल सुरक्षितपणे पुन्हा लिहिणे, हे मला सर्वांत जास्त खटकणारे काम आहे. सेटिंगची फाईल लिहिण्यासाठी उघडली की आतला जुना मजकूर त्याच क्षणी नाहीसा होतो. नवा मजकूर पूर्ण उतरण्याआधी वीज गेली, डिस्क भरली किंवा स्क्रिप्टच मध्ये कोसळली, तर जुनेही हातचे जाते आणि नवेही अर्धवट राहते. योग्य पद्धत अशी: त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाईल करावी, तिच्यात सगळे लिहावे, ते खरोखर डिस्कवर पोहोचले याची खात्री करून घ्यावी, आणि मग तात्पुरत्या फाईलला मूळ नाव द्यावे. एकाच फाईल सिस्टिमवर नाव बदलण्याची क्रिया अखंड होते, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाईल मिळते किंवा पूर्ण नवी. यातल्या प्रत्येक पायरीवर घसरायला जागा आहे. तात्पुरती फाईल सवयीने प्रणालीच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये केली आणि ते वेगळ्या फाईल सिस्टिमवर निघाले, तर नाव बदलणे साफ फसते. पायथनच्या टेम्पफाईल मॉड्यूलने बनवलेली फाईल सुरक्षेच्या कारणाने फक्त मालकालाच वाचता येते. तीच मूळ फाईलच्या जागी बसली की काल इतरांना वाचता येणारी सेटिंग आज मालकाशिवाय कोणालाच वाचता येत नाही, आणि बिघाड भलत्याच प्रोग्रॅममध्ये दिसतो. सुटे भाग लायब्ररीत आहेत. ओएस मॉड्यूलमधले रिप्लेस हे फंक्शन ३.३ पासून विंडोजवरही असलेल्या फाईलच्या जागी नवी बसवते. पण हे सगळे नीट जोडून देणारे एक फंक्शन ना पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे ना गो भाषेच्या. माझा निकष लावला तर ते कधीच यायला हवे होते. विरोधकांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की परवानग्या, मालकी आणि दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक यांचे काय करायचे, यावर एकमत होणे सोपे नाही. पण जो प्रश्न भाषेच्या जाणकारांना सोडवता येत नाही, तो प्रत्येक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपापला सोडवावा, असाच त्याचा अर्थ होतो.

आपल्या लिपीपुरते एक उदाहरण देतो. मराठी मजकुरातले शब्द मोजायचे म्हणून मजकुरात नमुने शोधणाऱ्या पायथनच्या री मॉड्यूलमध्ये शब्दातली अक्षरे दाखवणारा ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हा नमुना वापरून पाहा. ‘मराठी’ या एका शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात, कारण काना आणि वेलांटी ही युनिकोडच्या वर्गीकरणात अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत, आणि हे मॉड्यूल त्यांना शब्दाचा भाग मानत नाही. अशा नमुन्यांसंबंधीची (त्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात) युनिकोडची स्वतःची शिफारस जोडचिन्हे शब्दात धरावीत अशी आहे आणि पर्ल ही भाषा तसे करतेही. इथे नवीन काही घालण्याची गरज नाही, असलेल्याचे वागणे सुधारायला हवे. पण जुन्या वागण्यावर कोणाची ना कोणाची स्क्रिप्ट अवलंबून असते, आणि म्हणून अशी दुरुस्ती नव्या मेथडपेक्षा कितीतरी अवघड ठरते. फाईल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, सांगितले नाही तर कोणते धरायचे, हा प्रश्नही असाच. पायथन आजवर ते यंत्राच्या सेटिंगवरून ठरवत आले, आणि त्यामुळे लिनक्सवर नीट वाचली जाणारी देवनागरी फाईल विंडोजवर अगम्य चिन्हांची होते किंवा एरर देते. यूटीएफ-८ हेच गृहीत धरण्याचा बदल ३.१५ या आवृत्तीसाठी ठरला आहे, आणि एन्कोडिंग न सांगणाऱ्या जागा शोधून देणारी ऐच्छिक सूचना ३.१० मध्येच आणून ठेवली होती. बदल असा, आधी पुरेशी वाट दाखवून, करावा लागतो.

काही सुधारणा तर वापरणाऱ्याला दिसतही नाहीत. फोल्डर वाचताना ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक नोंद फाईल आहे की फोल्डर, हे बहुधा सोबतच सांगते. पायथन पूर्वी ती माहिती टाकून देई आणि मग प्रत्येक नोंदीसाठी तीच पुन्हा विचारी. ३.५ मध्ये ती माहिती जपणारे स्कॅनडिर हे फंक्शन आले, फोल्डरांच्या आत-आत फिरणारे वॉक हे जुने फंक्शन आतून त्यावर बसवले गेले, आणि कोणाचीही ओळ न बदलता ते लिनक्ससारख्या प्रणालींवर ३ ते ५ पट आणि विंडोजवर ७ ते २० पट वेगवान झाले.

मग सगळेच आत का घेऊ नये? जावास्क्रिप्टने बराच काळ उलट टोक गाठले होते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावरून काढून घेतले, आणि त्यावर थेट किंवा आडून विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. स्ट्रिंगच्या डावीकडे मोकळ्या जागा भरण्याची सोय, पॅडस्टार्ट या नावाने, ईसीएमएस्क्रिप्ट २०१७ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या त्या वर्षीच्या मानकात, भाषेतच आली. ही झाली आत न घेतल्याची किंमत. आत घेतल्याची किंमत पायथनने मोजली. ‘बॅटरीसकट मिळणारी भाषा’ असे बिरुद मिरवणाऱ्या पायथनने ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत एकोणीस जुनी मॉड्यूल काढून टाकली. टेलनेट, सीजीआय, पासवर्डसाठीचे क्रिप्ट ही त्यांतली काही. एके काळी ती रोजच्या कामाची होती. पुढे त्यांची देखभाल करायला कोणी उरले नाही. त्यांवरून माझ्या निकषाला एक पुरवणी जोडावी लागते: जे काम बाहेरच्या जगातल्या प्रोटोकॉलशी किंवा फॅशनशी बांधलेले आहे, ते शक्यतो बाहेर राहू द्यावे; उलट स्ट्रिंग, फाईल, तारीख आणि क्रम यांची कामे वीस वर्षांनीही तीच असतील.

नावाचेही तसेच. जावास्क्रिप्टच्या ॲरेला, म्हणजे यादीला, आतल्या याद्या सपाट करणारी ‘फ्लॅटन’ ही मेथड द्यायची होती. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरलेले असल्यामुळे जुन्या साइट मोडू लागल्या, आणि २०१८ मध्ये बऱ्याच वादानंतर ‘फ्लॅट’ वर समझोता झाला. ‘कंटेन्स’चे ‘इन्क्लूड्स’ झाले तेही याच लायब्ररीमुळे. स्टँडर्ड लायब्ररीत एखादे नाव देणे म्हणजे ते कायमचे खर्च करणे होय.

तुमच्यापैकी कोणाला अशी भर सुचवायची असेल, तर कल्पनेपासून सुरुवात करू नका. आपल्या जुन्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोध घ्या आणि तेच छोटे फंक्शन किती ठिकाणी, किती वेगवेगळ्या प्रकारे लिहिले गेले आहे ते पाहा. त्यांतली कोणती प्रत रिकाम्या इनपुटवर किंवा एकाच नोंदीवर चुकते ते तपासा, आणि प्रस्तावात त्या चुकीच्या प्रती जोडा. पायथनच्या इटरटूल्स मॉड्यूलमधली पेअरवाइज (लगतच्या जोड्या करणारे) आणि बॅच्ड (ठरावीक आकाराचे गट पाडणारे) ही फंक्शने लायब्ररीत येण्यापूर्वी माहितीपत्रात नमुना म्हणून दिलेली होती, लोक ती उतरवून घेत होते, आणि त्या वापरातूनच ती ३.१० आणि ३.१२ मध्ये आत आली. माहितीपत्रातून वर्षानुवर्षे उतरवले जाणारे फंक्शन हा गरजेचा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

स्वीकार झाल्यावरही धीर धरावा लागतो. रिमूव्हसफिक्स ऑक्टोबर २०२० मध्ये आले, परंतु ३.८ या आवृत्तीचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२४ पर्यंत होता. आधार असलेल्या सर्व आवृत्त्यांवर चालणारी स्क्रिप्ट ज्याला लिहायची होती, त्याला चार वर्षे ती मेथड असून नसल्यासारखी होती. अशा मधल्या काळासाठी एक सोपी शिस्त उपयोगी पडते. नवे फंक्शन आपल्या मदतनीस फाईलमध्ये त्याच नावाने, त्याच क्रमाच्या आर्ग्युमेंटसह आणि रिकाम्या स्ट्रिंगवर तसेच वागेल असे लिहून ठेवावे, वर ते कोणत्या आवृत्तीपासून भाषेत आहे याची एक ओळ टाकावी, आणि ती आवृत्ती सगळीकडे पोहोचली की आपली प्रत काढून टाकावी.