एक-अठराची जोडी
(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : दाराच्या सागवानी चौकटीवरील बटण, अगदी जवळून)

हे बटण मुळात पांढरे होते. मधोमध बोटाच्या पेराएवढा जो पिवळा, गुळगुळीत खळगा दिसतो आहे, तो चाळीसहून अधिक वर्षे दाबले गेल्याचा आहे. बोरी नदीकाठच्या अमळनेरमधील हे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर आहे. त्याच्या भिंती दोन हात जाड आणि मातीच्या आहेत, आढ्याला सागाची सरे आहेत आणि समोर रस्त्याला लागून ओटा आहे. बटण दाबले की माजघरात पाखरासारखा आवाज होतो आणि आतून अहिराणीत “कोन शे?” (कोण आहे?) असा प्रश्न येतो. दार उघडण्यापूर्वी कोण आले आहे हे दिसावे, म्हणून या घरात आज व्हिडिओ डोअरबेल बसवली जात आहे.

(दृश्य : ओसरीतील पट्टी-वायरिंग, दारापासून बोर्डापर्यंत)

ही तार पाहावी. सागाच्या पट्टीवर बोटभर अंतराने पत्र्याच्या क्लिपा ठोकून, कोपऱ्यावर काटकोनात वळवून, ती दारापासून बोर्डाशेजारच्या जंक्शनपर्यंत, म्हणजे तारा जोडण्याच्या पेटीपर्यंत, सुमारे चौदा मीटर नेलेली आहे आणि एवढ्या अंतरात ती कोठेही लोंबत नाही. जुने वायरमन हिला एक-अठरा म्हणतात, म्हणजे एकच तांब्याचा तंतू आणि तोही अठरा गेजचा, साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा. ज्याने ही पट्टी मारली तो आज हयात नाही, परंतु त्याने ओळंबा लावून काम केले होते एवढे भिंतच सांगते. नवी वस्तू आली की जुनी तार ओरबाडून काढायची आणि भिंतीला खाचा पाडून पाइप घालायचा, ही रीत आता सर्रास झाली आहे. मातीच्या भिंतीत अशी खाच पाडली की पुढच्या पावसाळ्यात तिथला गिलावा फुगतो, आणि तो पुन्हा बसवणारे हात आता सहज मिळत नाहीत.

घरातील आजींचा पहिला प्रश्नही हाच होता.

“भीत खोदनी पडी का रे भो?”

“नही माय, जुनीच तार वापरसू,” वायरमनने सांगितले.

(दृश्य : खोके उघडले जाते, सूचना-पुस्तिका, मीटर)

खोक्यातील पुस्तिकेत लिहिले आहे की घरात घंटेचे वायरिंग असेल तर जुने बटण काढावे आणि त्याच दोन तारा या उपकरणाच्या दोन स्क्रूंना जोडाव्यात. हे वाक्य ज्या देशासाठी लिहिले गेले तिथे ते खरे आहे. अमेरिकेतील घरांत दारावरच्या घंटेसाठी वेगळा लहान ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत केवळ १६ ते २४ व्होल्टचा प्रवाह येतो. आपल्याकडे घंटा थेट २३० व्होल्टवर चालते. बोर्डातील फेज, म्हणजे वीज आणणारी तार, बटणापर्यंत येते, बटणातून घंटेकडे जाते आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तिकडून परस्पर घंटेला मिळते. म्हणजे बटणापाशी दोन तारा असल्या तरी त्यांत न्यूट्रल नसते. एक फेज असते आणि दुसरी घंटेकडे जाणारी.

येथे एक फसवी गोष्ट घडते, ती पडद्यावर दिसतेच आहे. बटण काढून त्या दोन तारांवर मीटर धरले असता काटा २३० च्या आसपास जातो, कारण घंटेच्या वेटोळ्यातून पलीकडचे न्यूट्रल मीटरला दिसत असते. हा आकडा पाहून फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळाले असे समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी १६ ते २४ व्होल्टसाठी बनवलेला कॅमेरा या जोडीला लावला की तो जळून तरी जातो किंवा घंटेच्या वेटोळ्यामागे अर्धवट चालू-बंद होत राहतो. पुस्तिकेवर विसंबून केलेले हे काम अर्ध्या तासाचे असते, यात शंका नाही.

(दृश्य : चिनी मातीचा फ्यूज काढला जातो, टेस्टर, मेगर)

कामाची सुरुवात किटकॅट काढण्यापासून होते. चिनी मातीच्या या फ्यूजला सगळ्या खानदेशात किटकॅटच म्हणतात आणि तो काढून खिशात ठेवण्याची वायरमनची सवय शहाणपणाची आहे, कारण बोर्डावर ठेवलेला फ्यूज घरातील कोणीतरी “लाइट का गेली” म्हणून परत लावतो. फ्यूज काढल्यावरही टेस्टर एका तारेवर मंद मिणमिणला. न्यूट्रलमध्ये फ्यूज आणि फेज मोकळी, अशी उलटी जोडणी जुन्या घरांत आढळते. तशीच ती येथेही निघाली. मेन स्विच पाडल्यावरच टेस्टर पूर्ण विझला. त्यानंतर मीटर लावून खात्री केली गेली, कारण शेजारून जाणाऱ्या तारेच्या प्रभावानेही टेस्टर उजळू शकतो आणि उलट उन्हात त्याचा उजेड दिसत नाही. उलट्या जोडणीची चूक त्याच दिवशी दुरुस्त झाली असून फेजवर आता ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे.

मग तारेची परीक्षा. टोक पात्याने खरवडल्यावर आत लालसर तांबे चमकले. ॲल्युमिनियम निघाले असते तर हे निवेदन येथेच संपले असते, कारण जुने ॲल्युमिनियम वळवताना तुटते आणि तांब्याला जोडले की सांधा कालांतराने गरम होऊ लागतो. जोडीची दोन्ही टोके मोकळी करून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, फिरवला गेला. आवरण निदान १ मेगाओम रोध दाखवील तरच तार ठेवायची असा नियम आहे. मेगरचा काटा त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला. हे दृश्य लांबले असले तरी संकलनात ते कापलेले नाही.

(दृश्य : सकाळी आणि संध्याकाळी तेच मीटर, तोच बोर्ड)

आता ट्रान्सफॉर्मर. उपकरणावर १६ ते २४ व्होल्ट एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) असे छापले आहे आणि बाजारात २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो, तेव्हा तोच आणावा असे कोणालाही वाटेल. वायरमनने तो आणला नाही. त्याने आधी सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेसातला घरातील विजेचा दाब मोजला. सकाळी २३८ व्होल्ट होते आणि संध्याकाळी गावभर दिवे, पंखे, कूलर एकदम चालू झाल्यावर १९६. दुपारी चाळिशीपार जाणाऱ्या गावात ही घसरण नवलाची नाही. ट्रान्सफॉर्मर हे प्रमाणाचे यंत्र आहे, आत जसा दाब जाईल त्याच प्रमाणात बाहेर येतो. २४ व्होल्टचा लावला असता तर सकाळी त्याने २४.८ दिले असते, आणि लहान ट्रान्सफॉर्मर कमी भारावर छापील आकड्यापेक्षा आणखी वर चढतो, हे धरले तर कॅमेऱ्याची मर्यादा रोज पहाटे ओलांडली गेली असती. १८ व्होल्टचा लावला असता तर संध्याकाळी १५.३ मिळून कॅमेरा बरोबर दिवेलागणीला, म्हणजे दारावर येणे-जाणे वाढते त्याच वेळी, मान टाकता. २० व्होल्टवर हा हिशेब बसतो : खाली १७, वर पावणेएकवीस आणि हलक्या भाराची चढण धरूनही २४ च्या आत.

कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांकडे २० व्होल्टचा असा ट्रान्सफॉर्मर मागवता येतो. त्याची क्षमता २० व्होल्ट-अँपिअर आहे आणि मुख्य म्हणजे आतील दोन्ही वाइंडिंग एकमेकांपासून पूर्ण वेगळ्या आहेत. ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, परंतु त्यात एकच वेटोळे असल्यामुळे बाहेरच्या कमी दाबाच्या तारेवरही मुख्य फेज येऊ शकते, आणि ज्या बटणाला पावसात भिजलेले बोट लागणार तिथे तो चालत नाही. मोटार-वाइंडिंगच्या दुकानात “आपण घरीच भरून देऊ” असेही सुचवले गेले. विहिरीवरच्या मोटारी भरण्यात खानदेशातील ही दुकाने वाकबगार आहेत, पण दारावरच्या घंटेसाठी तपासून छाप मारलेला माल घेतलेला बरा.

(दृश्य : जंक्शन उघडले जाते, तारांची अदलाबदल)

या माहितीपटातील सर्वांत महत्त्वाचे काम पुढील चाळीस सेकंदांत घडते. जंक्शनमध्ये बटणाकडून आलेली जोडी फुटते : एक तार बोर्डातील फेजकडे आणि दुसरी माजघरातील घंटेकडे. दोन्ही तेथेच सोडवल्या गेल्या. फेजचे उरलेले टोक आणि घंटेकडे जाणारे टोक कनेक्टरमध्ये बंद करून मृत केले गेले, आणि दाराकडील जोडी ट्रान्सफॉर्मरच्या २० व्होल्टच्या बाजूला आली. ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू एमसीबीतून आलेल्या फेजवर आणि न्यूट्रलवर. एवढ्या अदलाबदलीने तीच तार, त्याच पट्टीवर, त्याच क्लिपांखाली, २३० ची २० व्होल्टची झाली. चौदा मीटर जाऊन चौदा मीटर परत येताना तिच्यात पाव व्होल्टसुद्धा खर्च होत नाही. ज्याने एक-अठरा घातली त्याने घंटेसाठी जरा जास्तच जाड तार घातली होती, आणि ती आज उपयोगी पडली.

नवी तार लागली ती एकाच ठिकाणी. ओट्यावरील दिव्याची २३० व्होल्टची जोडी याच पट्टीवरून जात होती. कमी दाबाची आणि मुख्य दाबाची तार शेजारीशेजारी ठेवू नये म्हणून दिव्याची जोडी वेगळ्या केसिंग पट्टीत घेतली गेली. इन्व्हर्टरच्या फेजवर ट्रान्सफॉर्मर आणि राउटर दोन्ही आहेत, नाहीतर लाइट गेल्यावर दार पुन्हा आंधळे झाले असते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. साध्या स्क्वेअर वेव्हवर असा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

जुनी पाखराची घंटा रिलेमार्फत, म्हणजे विजेने चालणाऱ्या लहान स्विचमार्फत, चालू ठेवता येईल का, याचाही प्रयत्न झाला. रिलेच्या वेटोळ्याचा रोध जास्त असल्याने कॅमेऱ्याच्या वाट्याला पुरेसा दाब उरेना आणि तो वारंवार नव्याने सुरू होऊ लागला. त्या दुपारी चित्रीकरण नव्हते. आवाजासाठी माजघरातील प्लगमध्ये वायफायवर वाजणारा चाइम लावला आहे. मध्ये घंटा नसताना काही मॉडेलांना त्याच तारेत मालिकेत, म्हणजे एकामागोमाग, रोध जोडावा लागतो. या मॉडेलला तो लागत नाही असे पुस्तिकेत स्पष्ट आहे, आणि या एका बाबतीत पुस्तिका उपयोगी ठरली.

(दृश्य : माजघरातील भिंत. जुनी घंटा. काही सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : चौकट, दुपारचे ऊन)

कॅमेरा जुन्या बटणाच्या जागी बसलेला नाही, हे लक्षात आले असेल. दार पश्चिमेला आहे. वैशाखात जळगाव जिल्ह्यातील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात तापलेली चौकट त्याहून गरम होते. लिथियम बॅटरीला साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे सांगितले जाते. बॅटरीवर चालणारी, भिंतीला नुसती चिकटवायची डोअरबेल येथे का घेतली नाही याचे उत्तर यातच आहे. तारेवरच्या कॅमेऱ्यालाही तापमानाची मर्यादा असतेच. म्हणून तो चौकटीच्या आतील अंगाला, छज्ज्याच्या सावलीत, चार बोटे सरकवून बसवला आहे. जुनी तार तेवढी पुरली, कारण बटणाच्या खोबणीत तिची एक वेटोळी सोडून ठेवलेली होती.

एसी असल्याने दोन स्क्रूंना कोणतीही तार कोठेही चालते. काळे पडलेले तांबे पॉलिश पेपरने घासून, स्क्रूच्या फिरण्याच्या दिशेनेच वळवून कसले आहे. वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरले आहे. खालची बाजू मुद्दाम मोकळी आहे, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी.

(दृश्य : मोबाइलवर ओट्याचे चित्र)

दोन हात मातीतून वायफाय सहज येत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडला आणि राउटर माडीवरून ओसरीच्या देवळीत आणला, तेव्हा चित्र अडखळायचे थांबले. समोरचे घर आणि गल्लीतून जाणारे लोकही या चित्रात येतात व त्याची नोंद दूरच्या सर्व्हरवर जाते. म्हणून शेजारचे दार येईल तेवढा भाग ॲपमध्ये झाकला आहे.

(दृश्य : दारावर कोणीतरी येते. आजी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पाहतात. मूळ आवाज तसाच.)

(दृश्य : जंक्शनचे झाकण, आतील बाजू)

दाराकडील जोडीच्या दोन्ही टोकांना निळी टेप गुंडाळली आहे, कारण आवरणाचा रंग अजून लालच आहे आणि लाल दिसले की पुढचा वायरमन तिला फेज समजेल. झाकणाच्या आत मार्करने लिहिले आहे : “निळी टेप = २० व्होल्ट. येथे २३० जोडू नये.” खाली तारीख घातली आहे. त्याच लाकडावर, शाईच्या वरच्या अंगाला, पेन्सिलीने काढलेला एक फिका बाण दिसतो. तो दाराकडे दाखवतो आणि शेजारी “घंटी” असे लिहिले आहे. झाकण लावताना ते अक्षर पुसले जाऊ नये म्हणून नवी ओळ त्याच्या खाली लिहिली आहे.