उंबऱ्यापासून चौकापर्यंत

बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या मराठी वस्तीत सकाळी लवकर रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. दूधवाल्याची मोटारसायकल, देवदर्शनाला निघालेली एखाददुसरी व्यक्ती आणि ओट्यावर पसरलेली गल्लीतली कुत्री, एवढीच काय ती वर्दळ. तरीही एका घरातले तांबूस देशी पिल्लू बाहेर पडायला घाबरून उंबऱ्याच्या आत चारही पाय रोवून उभे आहे. शेपूट पोटाखाली गेले आहे, कान मागे पडले आहेत आणि रात्रभर झोप झालेली असूनही ते पुन्हा पुन्हा जांभई देत आहे. तोंडात खाऊ नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणे आणि अशी अवेळी जांभई देणे या ताणाच्या खुणा आहेत. पुष्कळ घरांत त्या हट्टाच्या खात्यावर जमा होतात आणि मग पट्टा ओढला जातो.

पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ नवी माणसे, आवाज आणि जागा सहज स्वीकारण्याचा असतो. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी कुत्र्यांवर अनेक वर्षे केलेल्या आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या अभ्यासाने या काळाचे महत्त्व ठळकपणे मांडले. अडचण अशी की, लसीकरणही याच काळात चालू असते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू झालेल्या लसी सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने द्याव्या लागतात, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. म्हणून पहिली लस झाल्यावर, पशुवैद्याच्या सल्ल्याने, पिल्लाला खाली न सोडता कडेवर घेऊन रस्ता दाखवावा. गल्ली कडेवरून पाहिली तरी ती पाहिलेलीच असते.

या घरातील आजोबा आता ओट्याच्या पायरीवर बसले आहेत. त्यांच्या हातातील वाटीत उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे आहेत; शाकाहारी घरात पनीर चालते. नात विचारते, “आबा, येतच नाहीये तो. ओढू का जरा?” आजोबा मान न उचलता म्हणतात, “नको गं. आधी बघू दे त्याला.” कोपऱ्यावर रिक्षा फटफटते, पिल्लू कान टवकारते आणि त्यानंतरच एक तुकडा त्याच्यापुढे येतो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. रिक्षा आधी आणि खाऊ नंतर असे वारंवार घडले, तर रिक्षा ही खाऊची वर्दी ठरते. खाऊ आधी दिला, तर काही दिवसांनी तुकडा दिसताच पिल्लू दचकू लागते.

एरवी वाटीवर झडप घालणाऱ्या पिल्लाने तुकडा हुंगून सोडून दिला, तर भीती त्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे असे समजावे आणि निमूटपणे काही पावले मागे यावे. अंतर वाढले की भूक परत येते. गर्दीत नेऊन उभे केले की आपोआप सवय होईल, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. तेथे गप्प बसलेले पिल्लू बहुधा धीट झालेले नसते, गोठलेले असते. जवळ घेतल्याने, थोपटल्याने भित्रेपणा वाढतो, हाही निव्वळ गैरसमज होय. पट्टा मात्र गळ्याऐवजी छातीला बांधावा, कारण घाबरलेले पिल्लू मागे रेटते आणि गळपट्ट्यातून डोके सोडवून थेट वाहतुकीत शिरते.

पहिल्या दिवसांत फेरी पायरीपाशीच संपली तरी चालेल. पुढे शेजारचे फाटक, मग पानाची टपरी, मग चौक. गल्लीतली कुत्री आपल्या हद्दीत नवख्याला सहसा सहन करत नाहीत, तेव्हा त्यांच्या ओट्याला वळसा घालावा. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो; हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर पिल्लाचे पंजेही तेथे टेकू नयेत.

बडोद्यातील खरी परीक्षा १४ जानेवारीला, उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या सणाला असते. गच्च्यांवरचे कर्णे, “काप्यो छे” (पतंग कापला) असा गलका आणि रात्रीचे फटाके यांपुढे चौकापर्यंत रमतगमत जाणारे पिल्लूही पुन्हा उंबऱ्याशी अडते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाला फिरण्याचा आग्रह सोडावा, सूर्योदयापूर्वीच दारापुढे शी-शू उरकून घ्यावी आणि दिवसभर आतल्या खोलीत पंखा लावून ठेवावा. नंतरचे काही दिवस रस्त्यावर काचेची पूड लावलेला मांजा पडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर पिल्लाच्या बोटांच्या बेचक्या चाचपून पाहाव्यात.