एका कवचात दोन बलक

(दृश्य: सकाळ. लेअर शेड, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, पिंजऱ्यांच्या लांब रांगा, उतारावरून घरंगळत पुढे आलेली अंडी)

विटा, जिल्हा सांगली. खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जी इथंच राहिली त्यांच्यापैकी कित्येकांनी माळावर पोल्ट्री टाकली. रस्त्यावरून शेडचा फक्त पत्रा दिसतो, म्हणून आपण आत जाऊ.

या शेडमधल्या कोंबड्या नुकत्या अंड्यावर आल्यात. जात बीव्ही-300, पांढऱ्या लेगहॉर्नच्या रक्ताची. वय 23 आठवडे.

(दृश्य: अंडी गोळा करणारे हात. एक अंडं ट्रेमध्ये न ठेवता बाजूला)

मावशींचे हात बघा. दोन्ही हातांत तीन-तीन अंडी, नजर पुढच्या पिंजऱ्यावर. मधेच एक अंडं वेगळं निघतं. ते त्यांनी डोळ्यांनी हेरलेलं नाही, हाताला वजन लागलं. "ह्ये जोड हाय," एवढंच बोलून त्या पुढे जातात.

काट्यावर ठेवू. या वयाच्या कोंबडीचं अंडं पन्नास ग्रॅमच्या आत-बाहेर असतं. हे भरलं 76.

(दृश्य: अंधारी खोली, अंड्याखाली टॉर्च, आत दोन सावल्या. मग स्टीलच्या ताटलीत फोडलेलं अंडं)

दोन बलक. दोन्ही पूर्ण, दोन्ही गोल.

असं अंडं बाजारात कुणाच्या हाती लागलं की पहिला संशय इंजेक्शनचा. शेडमध्ये हजारो पक्षी. एकेकीला धरून रोज सुई टोचायची, तर मजुरी अंड्याच्या भावाहून जास्त होईल. कोंबडीला सुई लागते ती लसीची, ठरलेल्या वयात. जोड अंडं कोंबडी स्वतःच घालते. कशी, ते पुढच्या दृश्यात आहे. ज्यांना बघवत नाही त्यांनी नुसतं ऐकावं.

(दृश्य: पशुवैद्यकांच्या टेबलावर मेलेली कोंबडी उघडलेली. जवळून: अंडाशय)

डाव्या बाजूला हा जो पिवळा घड दिसतोय, तो अंडाशय. तासगावच्या मांडवातला द्राक्षाचा घड आठवावा, फक्त यातले मणी एका मापाचे नाहीत. उजव्या बाजूचा अंडाशय कोंबडीत वाढतच नाही, सगळं काम डावीकडे चालतं. मोठे पाच-सहा मणी नीट बघा. सगळ्यात मोठा आज सुटायचा, त्याहून लहान उद्या, त्याहून लहान परवा. प्रत्येक मणी म्हणजे एक बलक. शेवटच्या आठ-दहा दिवसांत तो झपाट्याने भरतो. मेंदूकडून संप्रेरकाची लाट आली की मोठा बलक सुटतो आणि खालच्या नळीचं नरसाळ्यासारखं तोंड त्याला झेलतं.

आता डॉक्टरांचं बोट त्या नळीवरून सरकतंय. उलगडली तर दोन फुटांहून थोडी लांब. वरच्या तोंडाशी बलक पाव तासच थांबतो. पुढच्या भागात सुमारे तीन तास, तिथे पांढरं चढतं. मग तासाभरात आतली पातळ पापुद्र्याची आवरणं. उरलेले वीसेक तास कवचाला. एका अंड्याला दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो तो असा. अंडं बाहेर पडलं की साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो.

नव्या कोंबडीत हा क्रम बसलेला नसतो. दोन मणी एकाच मापाचे वाढतात आणि एकदमच, किंवा थोड्या अंतराने, सुटतात. नळीला काय कळतंय? तिच्यापाशी जे आलं, त्यावर पांढरं चढवायचं आणि कवच घालायचं. दोन बलक एकाच पांढऱ्यात, एकाच कवचात.

एरवी हजारात एखादं अंडं असं, असं सांगतात. नव्या लॉटमध्ये प्रमाण त्याहून बरंच जास्त असतं. विसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत मावशींच्या बाजूच्या ट्रेमध्ये भर पडत राहते, मग ती ओसरते. काही कोंबड्यांत हे रक्तातूनही येतं.

(दृश्य: पहाट. अंधारात बल्ब लागतात, कोंबड्या माना वर करतात)

आणि हा बल्ब. कोंबडीला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. दिवस मोठा झाला की अंडाशय जागा होतो. आपल्याकडे जूनमधला दिवसही तेरा तासांच्या आसपासच, डिसेंबरात अकरा. शेडला लागतात सोळा. मधली भर विजेची. घाई नडते ती इथेच. तलंगांचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांचं, वजन सव्वा किलोच्या आसपास भरायच्या आधीच उजेड वाढवला, किंवा एकदम वाढवला, तर जोड अंडी वाढतात. म्हणून हे मालक दर आठवड्याला थोड्या तलंगा काट्यावर घेतात आणि बल्बची वेळ टप्प्याटप्प्याने सरकवतात. भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे त्याचेच. असा हिशेब ठेवणारा शेतकरी कॅमेऱ्यासमोर क्वचित येतो, म्हणून ही भिंत थोडा वेळ दाखवतोय.

मोठं अंडं घालताना काही कोंबड्यांचं अंग बाहेर येतं, शेजारच्या त्यावर चोची मारतात. अशी कोंबडी लगेच वेगळी काढावी लागते.

(दृश्य: ट्रेची चवड, वरचा ट्रे कलंडलेला)

खायला अंडं चांगलंच, चवीत फरक नाही. शेडमध्ये कोंबडा नाही, त्यामुळे यातून जुळी पिल्लं निघायचा प्रश्नच येत नाही. हॅचरीतली अंडी फळलेली असतात, पण तिथंही अशी उबवायला ठेवत नाहीत. दोन जीवांना एका कवचात वळायला जागा मिळत नाही.

तीसच्या ट्रेमध्ये हे बसतही नाही. वर दुसरा ट्रे ठेवला की फुटतं. त्यामुळे मुंबईच्या गाडीत जोड अंडं चढत नाही, गावातच सुटं विकलं जातं. रोजचा भाव शेकड्यावर निघतो, त्यात बलक कुणी मोजत नाही. भुर्जीच्या गाडीवाले मात्र संध्याकाळी स्वतः येऊन हाच ट्रे मागतात आणि दोन रुपये जास्त द्यायलाही तयार असतात.