माळवदावरची माती

श्रोतेहो, नमस्कार.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून माणसं उशिरा आडवी झाली होती. पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटं होती, आणि किल्लारी परिसरातली जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतली जवळपास दहा हजार माणसं त्या पहाटे गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, ही नावं तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील.

मला आज बोलायचं आहे ते त्या घरांबद्दल. भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामावर मी त्या भागात फिरलो. तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की माझी नजर आधी छपराकडे जाते.

ती माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं होती. खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरावर मोजायची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आत सागाचे खांब, त्यांवर तुळया, वर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचा थर, आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा घरात शिरलं की जीव थंड व्हायचा. पुढारलेल्या लोकांनी त्यांना मागास म्हणू नये. आपल्या हवेचा विचार करूनच ती बांधलेली होती. पण माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची. जुनी कोणी काढायचं नाही. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, नातवानेही टाकली. असं होत होत कित्येक घरांवर दीड-दीड, दोन-दोन फूट माती साचली. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर कित्येक टन वजन.

आणि भिंत? बाहेरून ती एक दिसायची, पण असायच्या दोन. एक बाहेरचा थर, एक आतला, मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड गवंडी पूर्वी घालत असत. दगड घडवायचा खर्च वाढला, चांगले कारागीर कमी झाले, आणि तो दगड भिंतीतून नाहीसा झाला. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि ढासळले. पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्यावरही लाकडाचा सांगाडा उभाच होता. सुताराचं काम टिकलं होतं. जिथे छप्परही खाली आलं, तिथे मातीने श्वास घ्यायला फट ठेवली नाही. विटा-काँक्रीटच्या ढिगाऱ्यात कधी कधी पोकळी राहते, माणूस तग धरतो. माती नाकातोंडात जाते.

श्रोतेहो, मला सगळ्यात जास्त लागते ती आदल्या वर्षाची गोष्ट. 1992 च्या पावसाळ्यापासून किल्लारीला धक्के बसत होते. एक-दोन नव्हे, शंभराच्या वर. ऑक्टोबरमधला धक्का तर चांगलाच जोराचा होता. लोक घाबरले, अंगणात झोपू लागले. मग धक्के कमी झाले, पाऊस आला, आणि माणसं पुन्हा माळवदाखाली गेली. त्यांचं काय चुकलं? भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या वर्षभरात घराघरावरची निम्मी माती फावड्याने खाली ओढली असती, तरी किती जीव वाचले असते! त्याला ना यंत्र लागत होतं, ना निधी. कोणीतरी दारोदार जाऊन सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं माझ्यासारख्या शिकलेल्या लोकांचं काम होतं.

भूकंप झाल्यावर सगळ्यात आधी धावले ते शेजारी. लष्कर आलं, डॉक्टर आले, राज्यभरातून भाकऱ्यांचे ट्रक आले, पण पहिले काही तास हाताने माती उपसणारा माणूस शेजारच्याच गल्लीतला होता. त्यात पाऊस लागला, मातीचा चिखल झाला. पडक्या घरांच्या तुळया चितेसाठी वापरल्या गेल्या. याच्यावर मी जास्त बोलत नाही.

बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून मोठं काम मात्र फारसं कोणाला ठाऊक नाही. सुमारे दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात लोखंडी सळईचा आकडा ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे हरवलेला तो लांब दगड पुन्हा जागेवर आला. भिंतींना चारी बाजूंनी सळई-सिमेंटचा सलग पट्टा बांधायचा. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोकायचे. वरची माती कमी करायची. गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. सिमेंट किती आलं, सळई कुठली, पट्टा सलग आहे का, हे त्या विचारू लागल्या. गवंड्यांना सुरुवातीला राग यायचा, मग तेच त्यांना बोलावून काम दाखवू लागले. 2001 साली कच्छला भूकंप झाला तेव्हा यांतल्याच काही जणी गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांपाशी बसून घर कसं उभं करायचं ते सांगू लागल्या. भाषा वेगळी होती. अडलं नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. माळवद गेलं, पत्रे आले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवलेले असतात. आज संध्याकाळी ते खाली उतरवा आणि पत्रे आकड्यांनी आवळून घ्या. खाली वीट, वर मुलाच्या लग्नासाठी वाढवलेला मजला, त्याच्यावर पाण्याची टाकी, असं घर असेल तर खालच्या भिंतींना पट्टा आहे का ते पाहा. खाटेच्या डोक्याशी जड कपाट असेल तर ते सरकवा. आणि नवं बांधकाम काढलंत, तर गवंड्याला पहिल्याच दिवशी विचारा, ‘कोपऱ्यात भिंती एकमेकींना कशा धरणार?’ त्याने हाताने नीट करून दाखवलं, की मगच पुढचा थर चढू द्या.

नमस्कार.