पुण्याहून सिंगापूर, केडगावहून चिली

[दृश्य: मुंबई सेंट्रल, भर दुपार. स्टेशनाबाहेरची गर्दी, टॅक्सीवाले, बॅगा ओढणारी माणसं.]

मुंबई सेंट्रलच्या या गर्दीतून थोडं बाजूला वळलं की वाय.एम.सी.ए. रोड लागतो. तिथं मेथॉडिस्ट सेंटर आहे. देशभर पसरलेल्या एका अख्ख्या पंथाचा कारभार इथून चालतो, हे रोज समोरून जाणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही.

मेथॉडिस्ट म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. म्हणजे कॅथलिक का? नाही, प्रोटेस्टंट. दुसरा प्रश्न जरा जाणत्यांचा असतो. मग सी.एन.आय.वालेच ना? तेही नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथॉडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन वळणाचे मेथॉडिस्ट मात्र वर्षानुवर्षं बोलणी करून ऐन वेळी मागे सरले. मांडव घालून झाल्यावर सोयरीक मोडावी, तसं. १९८१ मध्ये ते 'मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया' या नावानं स्वायत्त झाले. मुंबई सेंट्रलचं मुख्यालय त्यांचं.

आपली गोष्ट मात्र त्याच्या शंभरेक वर्षं आधीची आहे.

[दृश्य: अपोलो बंदर. बोवेन मेमोरियल चर्चची दर्शनी बाजू.]

गेटवेला येणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांची नजर या वास्तूकडे जाते. बोवेन मेमोरियल मेथॉडिस्ट चर्च. जॉर्ज बोवेन या माणसाच्या नावाचं.

बोवेन अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. तरुणपणी पक्के नास्तिक. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलगी १८४४ मध्ये वारली, आणि जाताना आपलं बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. तिथून माणूस बदलला. जानेवारी १८४८ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी म्हणून मुंबईत उतरले. थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला, साहेबी वस्ती सोडली आणि बाजारातल्या एका साध्या जागेत बिऱ्हाड केलं. शिकवण्या करून पोट भरायचं, रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलायचं, 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक चालवायचं. १८८८ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

रस्त्यावरच्या त्या प्रवचनांनी झुंडीच्या झुंडी ख्रिस्ती झाल्या, असं काही घडलं नाही. बोवेन यांना त्याची खंत होती. पण मुंबईकरांना साधू कसा असतो ते ओळखता येतं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. या माणसाला शहरात मान होता.

बोवेन मूळचे मेथॉडिस्ट नव्हते. ते मेथॉडिस्ट झाले एका वादळी पाहुण्यामुळे.

[दृश्य: विल्यम टेलर यांचं जुनं छायाचित्र. छातीपर्यंत रुळणारी दाढी.]

विल्यम टेलर. १८४९ मध्ये सोन्याच्या मागे धावत जग सॅन फ्रान्सिस्कोला लोटलं, तेव्हा हा गृहस्थ तिथल्या चौकात पिंपावर उभा राहून प्रवचनं देत होता. आवाज असा की जुगाराच्या अड्ड्यातली माणसं पत्ते टाकून बाहेर यायची. पुढे ऑस्ट्रेलिया झालं, दक्षिण आफ्रिका झाली. ऑस्ट्रेलियातून निलगिरीचं बी त्यांनीच कॅलिफोर्नियाला धाडलं असंही सांगतात. १८७० च्या अखेरीस ते भारतात आले, आणि वर्षभरानं, १८७१ च्या हिवाळ्यात, मुंबईत त्यांच्या सभा सुरू झाल्या.

मराठी श्रोत्यांपुढे दुभाष्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पिंपावरून गर्जणाऱ्या माणसाला वाक्यावाक्याला थांबावं लागलं, तर त्यातली निम्मी वाफ निघून जाते. टेलर यांनी मोर्चा वळवला तो इंग्रजी बोलणाऱ्या, पण साहेबांच्या पंगतीला न बसवल्या जाणाऱ्या लोकांकडे. रेल्वेचे ड्रायव्हर, गार्ड, तारखात्यातले कारकून, ज्यांना तेव्हा युरेशियन म्हणत ती युरोपीय-भारतीय मिश्र वंशाची मंडळी. इंग्रज त्यांना आपलं म्हणत नव्हते, आपणही म्हणत नव्हतो. मिशनऱ्यांचं लक्ष 'नेटिवां'कडे आणि सरकारी पाद्र्यांचं गोऱ्या अधिकाऱ्यांकडे. मधल्या मधे हे लोक राहिले होते. १८७२ च्या सुरुवातीला त्यांच्यातून मुंबईची पहिली मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली, आणि बोवेन तिला येऊन मिळाले.

टेलर यांची अट एकच होती. अमेरिकेतून पैसा घ्यायचा नाही. बंगला नको, मिशनचा पगार नको. पाळकाचं पोट ऐकणाऱ्यांनी भरायचं. हे खूळ त्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. मेथॉडिस्टांच्या मुळातच ते आहे.

[दृश्य: ब्रिस्टल, इंग्लंड. न्यू रूम या जुन्या सभागृहाचं अंतरंग.]

१७४२, ब्रिस्टल. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी हे सभागृह बांधलं होतं, आणि कर्ज डोक्यावर बसलं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदानं तोडगा सुचवला: प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. ज्याला तेवढंही जमणार नाही त्याचं काय? तर बारा-बारा जणांचे गट करू, एकेकाकडे एक गट देऊ, आणि तो घरोघर जाऊन गोळा करील. कमी पडेल ते स्वतः भरील. घरोघर जाताना घरातलं कळू लागलं. कोण आजारी आहे, कोण दारूला लागलंय, कुणाचं नवरा-बायकोचं पटत नाही. मग सगळ्यांनी एका जागी आठवड्यातून एकदा बसायचं ठरलं. याला 'क्लास' म्हणतात. वसुलीच्या फेरीतून सत्संग निघाला. आपल्याकडच्या भिशीचा आणि बचत गटाचा अनुभव असलेल्या कुणालाही हे चटकन कळेल.

टेलर यांनी मुंबईत हेच केलं. घराघरांतून असे गट बसू लागले.

[दृश्य: भोर घाट. बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी.]

आणि ती माणसं रेल्वेची होती, त्यामुळे बदली झाली की मंडळीचीही बदली व्हायची. ड्रायव्हर मुंबईहून घाटात गेला, तिथून पुढच्या जंक्शनला गेला, की क्वार्टरमध्ये चार जण जमवून बसायचा. लोणावळा, इगतपुरी, भुसावळ. जी.आय.पी. रेल्वेचा नकाशा आणि या सुरुवातीच्या मंडळ्यांचा नकाशा शेजारी ठेवून बघावा. १८७६ मध्ये साउथ इंडिया कॉन्फरन्स स्थापन झाली (कॉन्फरन्स म्हणजे मंडळ्यांची प्रादेशिक संघटना, आणि तिची वार्षिक सभाही), तोवर हे जाळं मुंबई इलाख्याच्या कितीतरी बाहेर गेलं होतं.

स्वावलंबनाचा हा हिशेब पगारदारांपुरता जमला. पुढे काम मराठीत, गुजरातीत, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत जाऊ लागलं, दुष्काळातली अनाथ मुलं आली, वसतिगृहं आली. इंजिन ड्रायव्हर आठवड्याला देत होता ते शेतमजुरानं कुठून द्यायचं? परदेशी मिशनचा पैसा आला, आणि त्याच्याबरोबर टेलर यांना नको असलेलं सगळंच आलं.

मराठी मंडळ्यांचा इतिहास लिहिताना एक गोष्ट सलते. मिशनच्या अहवालांत प्रत्येक गोऱ्या पाहुण्याचं नाव, आडनाव, बोटीची तारीख सापडते. जी बाई डोक्यावर पदर घेऊन वाड्या-वस्त्या पालथ्या घालत होती, घरात शिरून बायकांना अक्षरं शिकवत होती, तिची नोंद पुष्कळदा नुसती 'एक बायबल वुमन' अशी. त्यामुळे पुढच्या दोन्ही कहाण्यांत नावं परक्यांची जास्त येतील. ती कागदावर उरली म्हणून.

[दृश्य: पुणे, लष्कर भाग. जुने रस्ते, झाडं.]

पहिली कहाणी पुण्याची. टेलर यांच्या हाकेला ओ देऊन आलेल्यांपैकी डॅनियल फॉक्स पुण्यात सभा घेत होते. ऐकणाऱ्यांत एक तरुण सर्वेअर होता. विल्यम ओल्डम, जन्म १८५४, बंगळूरचा. सरकारी मोजणी खात्यात नोकरी, साखळी आणि दुर्बीण घेऊन रानोमाळ हिंडणं. पुण्यातल्या त्या सभांनी त्याच्या आयुष्याची दिशा फिरवली. नोकरी सोडून तो आणि त्याची पत्नी मेरी शिकायला अमेरिकेला गेले. परत आले ते इथंच काम करायचं या इराद्यानं. पण १८८४ च्या अखेरीस हैदराबादच्या कॉन्फरन्समध्ये त्यांची नेमणूक जाहीर झाली ती सिंगापूरला.

७ फेब्रुवारी १८८५. बिशप नव्हे, पण पुढे बिशप झालेले जेम्स थोबर्न, त्यांची पत्नी, ज्युलिया बॅटी नावाच्या बाई आणि ओल्डम सिंगापूरच्या धक्क्यावर उतरले. पदरी पैसा फारसा नाही. टेलर यांच्याच पठडीतली मोहीम.

आता सर्वेअरची विद्या कामी आली. तिथल्या चिनी व्यापाऱ्यांचं एक वादविवाद मंडळ होतं. ओल्डम यांनी त्यांच्यापुढे भाषण दिलं ते धर्मावर नाही, खगोलशास्त्रावर. एका व्यापाऱ्याला ते इतकं आवडलं की त्यानं त्यांना इंग्रजी शिकवायला घरी बोलावलं. मग इतरांनीही आपल्या मुलांचा विषय काढला. १ मार्च १८८६ रोजी अमॉय स्ट्रीटवरच्या एका दुकानघरात तेरा मुलांची शाळा भरली. अँग्लो-चायनीज स्कूल. ती आजही सिंगापूरच्या नामांकित शाळांत गणली जाते. पुण्यातल्या एका सभेपासून तिथपर्यंत तेरा वर्षं लागली.

[दृश्य: केडगाव स्टेशनची पाटी. मुक्ती मिशनचं आवार, झाडांखालून चालणाऱ्या बाया.]

दुसरी कहाणी केडगावची. पंडिता रमाबाईंना मेथॉडिस्ट म्हणता येणार नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला, आणि पुढे कुठल्याच पंथाच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा वाचवून आणल्या, आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. १८९८ मध्ये त्यांच्या मदतीला आल्या मिनी एब्रम्स. या मात्र पक्क्या मेथॉडिस्ट. डीकनेस, म्हणजे सेवाव्रत घेतलेल्या भगिनी. १८८७ मध्ये मुंबईच्या शाळेत शिकवायला आलेल्या, पण शाळेच्या भिंतीत मन न रमणाऱ्या. मराठी शिकून त्यांना खेडोपाडी जायचं होतं.

१९०५ च्या जानेवारीपासून रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थना सुरू केल्या. आधी सत्तर जणी, मग पाचशेच्या वर. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एका मुलीनं पाहिलं की दुसरी मुलगी ज्वाळांनी वेढली आहे. ती धावत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच ध्यानात आलं, की आग नाहीये.

ज्वाळांवर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्याचं. मला बादली खरी वाटते. दुष्काळातून जगून आलेली पोर दृष्टान्त बघत बसणार नाही, ती पाणी आणायला धावणार.

त्यानंतर केडगावात रडणं, पापांची कबुली, तासन्‌तास मोठ्यानं प्रार्थना हे कित्येक महिने चाललं. जवळच दौंडला मुलांचं अनाथालय चालवणारे आल्बर्ट नॉर्टन, तेही मुळात टेलर यांच्या तुकडीतले, हे पाहून चकित होऊन गेले. एब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली: पवित्र आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा, असा तिचा विषय आणि तसंच नाव. तिची एक प्रत त्यांनी शिकागोत बरोबर शिकलेल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला धाडली. ही मैत्रीण, मे हूवर, तेव्हा नवऱ्याबरोबर चिलीतल्या वालपरायसो बंदरात राहत होती. नवरा, विलिस हूवर, तिथल्या मेथॉडिस्ट मंडळीचा पाळक.

[दृश्य: वालपरायसो. समुद्राकडे उतरत जाणारी रंगीत घरं.]

केडगावच्या मुली जे मागत होत्या ते आपणही मागावं, असं या मंडळीला वाटलं. १९०९ मध्ये वालपरायसोत तसंच घडू लागलं. १९१० मध्ये तिथल्या कॉन्फरन्सनं हूवर यांच्यावर ठपका ठेवला की ही शिकवण मेथॉडिस्ट नाही. हूवर यांचं म्हणणं, हे तर खुद्द वेस्लींच्या काळात होत होतं. शेवटी ते आणि त्यांचे लोक बाहेर पडले. चिलीतला आजचा सर्वांत मोठा प्रोटेस्टंट प्रवाह त्या फुटीतून वाहत आला आहे. एब्रम्सबाईंना तो वाढलेला बघायला मिळाला नाही. १९१२ च्या डिसेंबरात त्या भारतातच वारल्या.

[दृश्य: पुणे स्टेशन. दौंडकडे सुटणारी गाडी.]

सिंगापूरची शाळा काढणारे ओल्डम १९०४ मध्ये दक्षिण आशियाचे मिशनरी बिशप झाले. मग १९१६ मध्ये त्यांना दक्षिण अमेरिकेला पाठवण्यात आलं. मुक्काम ब्यूनस आयर्स. अँडीजच्या पलीकडे वालपरायसो, जिथं सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच पंथाचा एक तुकडा केडगावच्या पुस्तिकेपायी वेगळा झाला होता. १९२८ पर्यंत पुण्याचा हा जुना सर्वेअर त्या खंडात बिशप होता.

पुणे ते केडगाव, रेल्वेनं साठेक किलोमीटर.